नानाला घातलेला प्रश्न

कायद्याच्या पुस्तकात एक माणूस राहतो. त्याला नाव नाही, गाव नाही, बायकापोरं नाहीत. आपल्या धंद्यातलं छापून आलेलं अक्षर न् अक्षर त्यानं वाचलेलं असतं, झाडून सगळी जुनी यंत्रं त्याच्या ओळखीची असतात, हातही चांगला चालतो. फक्त स्वतःची म्हणावी अशी नवी कल्पना त्याच्या डोक्यात कधी येत नाही. कुणी पेटंट मागायला आलं की कायदा या माणसाला विचारतो, बाबा रे, हे तुला सहज सुचलं असतं का? तो 'हो' म्हणाला की खेळ खलास. सहज सुचण्याजोग्या गोष्टीला पेटंट मिळत नाही.

पंचाईत एवढीच होती, की हा माणूस कधी जन्मालाच आला नव्हता. त्यामुळे परीक्षकाला डोळे मिटून स्वतःला त्याच्या जागी बसवावं लागे. आता उत्तर आधी वाचून झालं की कुठलंही कोडं सोपंच वाटतं. चांगले चांगले शोध 'यात काय मोठं' म्हणून केराच्या टोपलीत गेले, आणि निकाल कुणाच्या टेबलावर अर्ज पडला यावर ठरू लागले. मग यंत्रशास्त्राचे प्राध्यापक विद्याधर खासनीस यांनी तो माणूस बांधलाच.

यंत्राचं सरकारी नाव 'कुशल'. अर्ज ज्या तारखेला आला असेल, त्या तारखेपर्यंतचं सगळं ज्ञान त्याच्या पोटात ठेवायचं आणि त्यानंतरचं पुसून टाकायचं. अर्ज त्याला दाखवायचा नाही. फक्त अर्जदारानं सोडवलेली अडचण एका प्रश्नात मांडायची आणि म्हणायचं, सोडव. कुशल ती अडचण शेकडो वेळा, दर वेळी नव्यानं सुरुवात करून सोडवत असे. बहुतेक वेळा तो अर्जदाराच्याच उत्तराला येऊन पोचला, तर शोध सहज सुचण्याजोगा, अर्ज नामंजूर. वशिला नाही, मूड नाही, जेवणानंतरची सुस्ती नाही.

साताऱ्याच्या पेटंट परीक्षण केंद्रात मात्र कुशलला सगळे 'नाना' म्हणत. तुम्ही हौसेनं काही नवं दाखवावं आणि कोपऱ्यातून कुणीतरी म्हणावं, 'त्यात काय विशेष, हे तर मलाही सुचलं असतं', असा एक नाना प्रत्येक घरात असतोच. सरकारनं तो पगारावर ठेवला होता, इतकंच.

या नानाला प्रश्न घालणं हे परीक्षकाचं काम. केंद्रात त्याला 'प्रश्न काढणं' म्हणत आणि त्यात मालविका शेजवळ यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. इतरांचे प्रश्न पाचपाच ओळी ऐसपैस पसरत. मालविका अर्ज दोनदा वाचत, खिडकीबाहेर अजिंक्यताऱ्याकडे बघत बसत आणि एकच वाक्य लिहीत. त्या वाक्यात शोधाचं नाव नसे, पण अडचण मात्र नेमकी असे. नव्या परीक्षकांना ही वाक्यं धडा म्हणून दाखवली जात. मालविकांना याचा अभिमान होता आणि तो त्या लपवतही नसत. चाकणच्या एका कारखान्यातून खासनीस सरांनी त्यांना हाताला धरून इथे आणलं होतं, आणि आपण सरांचं नाव राखलं असं त्यांना मनापासून वाटे.

त्या हिवाळ्यात उसाच्या पात्याचा अर्ज त्यांच्यापुढे आला.

अर्जदार पद्मजा आवटी, पलूसची. शिकलेली यंत्र अभियंता, स्वतःचा कारखाना, आणि जिभेला धार अशी की तिच्या पात्याला लाजवील. ऊसतोडीच्या टोळ्या केव्हाच संपल्या होत्या. सगळी तोडणी हार्वेस्टरवर आली होती. त्या हार्वेस्टरच्या फिरत्या चकतीवर बसणारं पातं तिनं नव्यानं घडवलं होतं आणि तिचा कारखाना तेवढं एकच पातं करत होता. एका मोठ्या कंपनीनं तेच पातं आपल्या यंत्रांवर चढवायला सुरुवातही केली होती आणि पेटंटला विरोध नोंदवला होता. पेटंट मिळालं नाही, तर हंगाम संपताना पद्मजाचा कारखानाही संपणार, हे दोन्ही बाजूंना माहीत होतं.

"नानाचा, म्हणजे कुशलचा निकाल आला आहे," सुनावणीत मालविका म्हणाल्या. "जवळजवळ प्रत्येक वेळी तो तुमच्याच पात्यापर्यंत पोचला. चकतीवरच्या पात्यांमधलं अंतर असमान ठेवायचं, आणि धारेच्या पुढे एक जाड ओठ ठेवून उसाला कापण्याआधी क्षणभर दाबून धरायचं. दोन्ही गोष्टी. आवटीबाई, मला वाईट वाटतं, पण हे सहज सुचण्याजोगं आहे."

कंपनीचे वकील मान डोलावत होते. पद्मजानं वकील आणलाच नव्हता.

"मॅडम, एक विचारू का? त्याला प्रश्न काय घातला होता?"

असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. नियमानं प्रश्न अर्जदाराला दाखवायचा असतो, पण माणसं निकाल ऐकूनच इतकी खचत की प्रश्नापर्यंत कुणी जातच नसे. मालविकांनी पडदा तिच्याकडे वळवला. त्यावर एकच वाक्य होतं: 'ऊस कापताना जमिनीतल्या बुडख्यापर्यंत पोचणारं कंपन कसं कमी करावं?'

पद्मजानं ते वाचलं आणि ती खुर्चीत मागे टेकली.

"छान काढलाय प्रश्न," ती म्हणाली. "एवढ्यापर्यंत यायला मला सात वर्षं लागली, मॅडम. त्याच्या पुढचं उत्तर पंधरा दिवसांत सापडलं."

"म्हणजे?"

"म्हणजे बघा. ऊस तोडला की जमिनीत जो बुडखा राहतो, त्याला पुन्हा फुटवे येतात. त्यालाच आम्ही खोडवा म्हणतो. यंत्राची तोडणी आली आणि खोडवा विरळ व्हायला लागला. सगळे म्हणाले, पातं बोथट आहे, बुडखा चिरतोय. मग कुणी पोलाद बदललं, कुणी धार लावायचं यंत्र बसवलं. मी पण तेच केलं की. एवढी धार केली की दाढी करावी त्यानं. तरी खोडवा विरळच."

"आणि कंपन?"

"एका वर्षी वाऱ्यानं ऊस लोळला. एकमेकांच्या अंगावर रेलून पडला. त्या पट्ट्यात जुनं बोथट पातं चाललं होतं, आणि खोडवा तिथंच दाट आला. मला काय सुधरंना. मग पुढं तीन हंगाम मी बुडख्यांना मापकं बांधून बसले. उंच उसाला खाली फटका बसला, की कापून व्हायच्या आधीच हादरा मुळात उतरतोय. चकतीवरची पाती सारख्या अंतरावर, म्हणजे फटके सारख्या ठेक्यात. झोपाळ्याला ठेक्यात धक्के दिले की तो चढत जातो, तसा तो हादरा वाढतोय. बारीक मुळं आतल्या आत तुटतात. वरून काप एकदम स्वच्छ दिसतो, म्हणून कुणाला शंकाच येत नाही. रेललेल्या उसाला हलायला जागा नव्हती, म्हणून तो वाचला. हे कळल्यावर पात्याचं काय, ते तर कुणीही करील. तुमच्या नानानं केलंच की."

वकील म्हणाले, अडचण तर सगळ्यांपुढे होतीच. मालविकांनाही तेच वाटत होतं, आणि ते त्यांनी बोलूनही दाखवलं.

"खोडवा येत नाही ही अडचण सगळ्यांपुढं होती," पद्मजा म्हणाली. "कंपन कुणापुढं होतं? माझ्या अर्जाच्या आधीचा एक कागद दाखवा. मी आत्ता अर्ज मागं घेते."

मालविकांनी सुनावणी पुढे ढकलली ती रागानंच. असा कागद आपण दुपारपर्यंत काढून दाखवू, अशी त्यांची खात्री होती. त्या आपल्या खोलीत बसल्या आणि शोधायला लागल्या. ऊसतोडणीच्या पात्यांवर जगभर लिहिलेलं त्यांच्या हाताशी होतं: ब्राझील, क्वीन्सलँड, कोल्हापूर. पोलादाचे प्रकार, धारेचे कोन, चकतीचा वेग, दगडाला लागून पातं मोडू नये म्हणून केलेल्या युक्त्या. जिथे तिथे धार. कंपनावरचे लेखही होते, पण ते चालकाच्या पाठीला बसणाऱ्या हादऱ्यांवर, यंत्राच्या सांगाड्यावर. उसाचा बुडखा हादरतो असं वाक्य कुठेच नव्हतं.

ते फक्त पद्मजाच्या अर्जात होतं. तिथूनच ते उचलून आपण नानाच्या हातात दिलं, हे मालविकांच्या लक्षात आलं. नाना अर्ज बघत नाही म्हणून सगळ्यांनी निर्धास्त व्हायचं, आणि प्रश्न काढणारी बाई मात्र अर्ज दोनदा वाचून प्रश्न काढत होती. प्रश्न जितका नेमका, तितकं उत्तर जवळ. नव्या परीक्षकांना आपण वर्षानुवर्षं हेच शिकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पुण्याला खासनीस सरांकडे गेल्या. सर निवृत्त झाले होते, पण नानाची देखभाल अजून त्यांच्याच शब्दावर चाले. संसदेच्या समितीपुढे एक प्रस्ताव होता: कुशलचा निकाल अंतिम मानावा, त्यावर सुनावणी नको. त्या समितीपुढे साक्ष द्यायला सरांनी मालविकांचंच नाव सुचवलं होतं.

मालविकांनी अर्जाचं नाव न घेता फक्त एवढंच सांगितलं, की आपण काढलेला एक प्रश्न चुकला असं वाटतं आणि नानाला दुसरा घालायचा आहे.

"नाही," सर म्हणाले. "प्रश्न एकदाच. हा नियम तूच लिहिलास माझ्याबरोबर. उद्या ज्याचा अर्ज फेटाळला तो प्रत्येक जण म्हणेल, माझा प्रश्न बदला. मनासारखं उत्तर येईपर्यंत विचारत बसायचं असेल तर यंत्र कशाला हवं?"

"सर, अर्ज वाचलेल्यानं प्रश्न काढला, की अर्जातला शोध प्रश्नात उतरतो. मीच उतरवला."

"तू जगातला सगळ्यात चांगला प्रश्न काढतेस."

"म्हणूनच."

सरांनी समितीचं पत्र पुढे ओढलं. मग म्हणाले, "समितीपुढे हे बोललीस तर काय होईल, माहीत आहे? पंधरा वर्षं, मालविका. माझी पंधरा वर्षं जातील."

मालविकांना फार वाईट वाटलं. या माणसानं आपल्याला घडवलं, आणि आपण त्याच्याच दिवाणखान्यात बसून त्याच्या घराची वीट काढतोय, असं त्यांच्या मनात आलं. पण पद्मजाचं म्हणणं खरं होतं, आणि खरं असलेलं मालविकांना सोडवत नसे. सरांनीच त्यांना ही खोड लावली होती.

"मग तुम्हीच काढा प्रश्न," त्या म्हणाल्या. "तुम्ही कुठलाही अर्ज वाचत नाही. यंत्र बांधणाऱ्यानं अर्ज वाचू नये, हा तुमचा दंडक. मी तुम्हाला फक्त अडचण दाखवते. तुम्हाला जो प्रश्न पडेल, तो नानाला घालू. त्यातूनही तेच उत्तर आलं तर मी अर्ज नामंजूर करते आणि समितीपुढे तुम्हाला हवं ते सांगते."

सर तयार झाले. त्यांना आपल्या नानाची खात्री होती. कंपनीचे वकीलही खुशीनं राजी झाले, कारण म्हातारा आपल्या यंत्राविरुद्ध कशाला जाईल? पद्मजा एवढंच म्हणाली, "येऊ द्या की त्यांना. शेत माझंच आहे."

पलूसजवळच्या त्या शेतात ऊस तोडून महिना झाला होता. सरी सरळ आखलेली, ऊन कोवळं, आणि खोडवा असा विरळ की दोन फुटव्यांमध्ये माणूस मांडी घालून बसावा. वकीलसाहेब कोर्टातले बूट घालून बांधावर उभे राहिले ते शेवटपर्यंत. पद्मजा जुन्या पात्यानं तोडलेला पट्टा दाखवून बाजूला झाली. काही बोलायचं नाही असं ठरलं होतं, आणि गप्प राहणं तिला किती जड जातंय ते तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

खासनीस सर सत्तरीचे, पण सरीत उकिडवे बसले. त्यांनी बुडखा बोटानं चाचपला, काप निरखला, फिरत्या चकतीचं पातं हातात घेऊन अंगठा धारेवरून आडवा फिरवला. धातू कापणारी यंत्रं थरथरतात आणि काप बिघडतो, याच विषयात सरांनी डॉक्टरेट केली होती. ती थरथर मोडायला दातांमधलं अंतर असमान ठेवायचं, हे ते अर्धं आयुष्य मुलांना शिकवत आले होते. कंपनाबद्दल त्यांच्याइतकं जाणणारा माणूस त्या जिल्ह्यात काय, राज्यात नसेल. सर 'कंपन' एवढा एक शब्द बोलले, की पद्मजाचं पातं गेलं.

"तोडणी यंत्राची. तोडल्यावर फुटवा नीट येत नाही. हीच अडचण ना?" सरांनी विचारलं.

"हो सर."

"काप तसा स्वच्छ दिसतोय. पण कडेला बारीक चिरा असणार, डोळ्यांना दिसत नाहीत. तिथून कूज आत शिरत असेल." ते उठले, हात झटकले. "माझा प्रश्न असा: पात्याची धार अखेरपर्यंत टिकावी, म्हणून काय करावं?"

पद्मजानं तोंडावर पदर धरला. ती हसत होती की रडत होती, ते मालविकांना कळलं नाही.

प्रश्न तिथूनच साताऱ्याला पाठवला. उत्तरं यायला लागली तेव्हा सर बांधावर बसून पाणी पीत होते. मालविकांनी पडदा त्यांच्या हातात दिला. पोलाद बदला. कार्बाइडचा थर द्या. धारेचा कोन कमी करा. चालता चालता धार लावणारा दगड बसवा. नानानं शेकडो वेळा अडचण सोडवली आणि शेकडो वेळा तो धारेभोवतीच घोटाळत राहिला. असमान अंतर नाही, दाबून धरणारा ओठ नाही. कंपन हा शब्दच नाही.

"आता अर्ज वाचा," मालविका म्हणाल्या.

सरांनी वाचला. एकदा वाचला, मग मापकांचे आलेख उघडून पुन्हा वाचला. मग ते उठून पुन्हा सरीत गेले आणि त्याच बुडख्यापाशी जाऊन उभे राहिले.

"आयुष्यभर मी हेच केलं," ते म्हणाले. "कंपन. दुसरं काही केलं नाही. आणि ते माझ्या पायाखाली होतं आणि मला धार दिसली."

"सगळ्यांना धारच दिसली, सर. मलाही दिसली असती."

"तुला कंपन दिसलं, कारण तिनं तुला सांगितलं." सरांनी पद्मजाकडे बोट दाखवलं. "आणि तू ते जाऊन नानाला सांगितलंस. तो बिचारा काय करणार, त्यानं उत्तर दिलं. तो हुशारच आहे. पण विचारल्याशिवाय तो बोलत नाही, हे मी लक्षातच घेतलं नाही."

वकिलांनी बांधावरून हरकत घेतली, की एका वृद्ध गृहस्थाला प्रश्न सुचला नाही, हा काही पुरावा नव्हे. मालविका त्यांच्याकडे वळल्या.

"बरोबर आहे. तुमच्या कंपनीत तोडणीचे अभियंते आहेत. अर्ज न वाचलेले कुणीही निवडा, या शेतात उभे करा, आणि प्रश्न काढायला सांगा. मी थांबते."

वकील फोन घेऊन बाजूला गेले. कंपनीनं दोन दिवसांत तिघे पाठवले. दोघांनी धार म्हटलं आणि तिसऱ्यानं खताचा डोस.

मालविकांनी निकाल स्वतः लिहिला. पेटंट मंजूर. कारण असं दिलं की या शोधात सहज न सुचण्याजोगी गोष्ट पातं नसून, बुडखा हादरतो हे ओळखणं ही आहे. आणि परीक्षकानं ते ओळखणंच प्रश्नात घालून यंत्राला देऊन टाकलं होतं. तो परीक्षक म्हणजे आपणच, हेही त्यांनी नाव घालून लिहिलं. सहकाऱ्यांपैकी एकजण म्हणाला, मॅडम, 'परीक्षण केंद्राकडून' असं लिहिलं तरी चालेल. मालविका म्हणाल्या, प्रश्न केंद्रानं काढला नव्हता.

समितीपुढे खासनीस सर गेले, मालविका नव्हे. नानाचा निकाल अंतिम मानू नका, असं त्यांनी सांगितलं. यापुढे अर्ज न वाचलेल्या माणसानं, अडचण प्रत्यक्ष बघून प्रश्न काढावा, आणि तो माणूस अर्जदारासमोर निवडावा, असंही. एका सभासदानं विचारलं, मग तुमच्या यंत्राचा उपयोग काय? सर म्हणाले, उपयोग आहे, पण मी समजत होतो त्याहून थोडा कमी. घरी आल्यावर त्यांनी मालविकांना फोन करून हे सांगितलं आणि वर म्हणाले, "पंधरा वर्षं काही जात नाहीत गं. अर्धी जातील."

निकालाची प्रत घ्यायला पद्मजा साताऱ्याला आली ती पेढे घेऊनच. सगळ्या केंद्राला वाटून झाल्यावर ती मालविकांच्या खोलीत येऊन बसली.

"मी भांडखोर, म्हणून विचारलं," ती म्हणाली. "जी माणसं न विचारता गेली, त्यांचं काय, मॅडम?"

मालविकांकडे याचं उत्तर तयार होतं. निकालावर सही केली त्याच दिवशी त्यांनी आपले जुने नकार बाहेर काढले होते, आणि त्यातला सगळ्यात सुबक, सगळ्यात आखूड प्रश्न ज्याचा होता, तो वर ठेवला होता. विट्याच्या इलाही तांबोळींचा अर्ज. यंत्रमागावर सूत कापणारी कात्री. नानानं ती पहिल्याच फेरीत शोधून दाखवली होती.

"विट्याला जातेय," त्या म्हणाल्या. "तुम्हाला वाटेवरच आहे. चला."

घराचं दार तांबोळींनी स्वतःच उघडलं. पन्नाशीचे गृहस्थ, चष्मा कपाळावर. मालविकांनी नाव सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. ते नाव त्यांच्या नकाराखाली होतं.

"आता काय राहिलंय, मॅडम? तुमच्या यंत्रानं तर सांगितलं, कुणालाही सुचलं असतं."

"ते उत्तराबद्दल सांगितलं. उत्तर मी वाचलंय," मालविका म्हणाल्या. "तुम्हाला प्रश्न कसा पडला, ते विचारायचं राहून गेलं होतं. ते ऐकायला आलेय."

तांबोळींनी चष्मा डोळ्यांवर घेतला, दोघींकडे नीट बघितलं आणि दारातून बाजूला झाले.